प्राणवायूविना अमोनियाचे ऑक्सिडीकरण : एका गृहीताचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतोच, हे विधान १८९० नंतर जवळजवळ शंभर वर्षे जीवाणुशास्त्रात स्वतंत्र पुराव्याची अपेक्षा न ठेवता स्वीकारले जात होते. १९९५ मध्ये ते चूक ठरले. प्राणवायूचा लवलेश नसलेल्या पाण्यात अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून त्यावर उपजीविका करणारे जीवाणू अस्तित्वात आहेत, हे त्या वर्षी हॉलंडमधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी दाखवून दिले. हे जीवाणू दुर्मीळही नव्हते. सांडपाण्यात, नदीच्या गाळात आणि समुद्रात ते सर्वत्र होते. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, इतकी व्यापक घटना इतका काळ दृष्टीआड कशी राहिली? प्रस्तुत लेखात या शोधाचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे इष्ट होईल. नवसागरात चुना मिसळला असता नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो अमोनियाचा. गोठ्यातला उग्र दर्पही त्याचाच. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या देहातील प्रथिने कुजली की त्यांतील नायट्रोजन प्रायः अमोनियाच्या रूपाने मोकळा होतो. हा अमोनिया पुढे कोठे जातो, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने खताचा, नगरपालिकेच्या दृष्टीने सांडपाण्याचा आणि समुद्रशास्त्रज्ञाच्या दृष्टीने सागरी जीवनाच्या सुपीकतेचा आहे. एकोणिसाव्या शतकाने त्याला दिलेले उत्तर असे होते : प्राणवायूच्या सान्निध्यात अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते, प्राणवायूच्या अभावी या नायट्रेटचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर होते. पहिल्या क्रियेस नायट्रीकरण आणि दुसरीस विनायट्रीकरण म्हणतात. या उत्तरात असत्य काही नव्हते. अपुरेपणा मात्र होता.

२. निरीक्षणाचे नियमात रूपांतर

नायट्रीकरण ही निव्वळ रासायनिक क्रिया नसून सजीवांची क्रिया आहे, हे श्लोझिंग व म्यूंत्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये सिद्ध केले. वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून त्यांनी सांडपाणी अगदी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर मात्र खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. बागेतील माती कालवलेले थोडे पाणी घालताच काही काळाने ती पुन्हा सुरू झाली. हा वीस दिवसांचा विलंब वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सावकाशीचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतर १८९० मध्ये झुरिच येथे सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी या जीवाणूंना एकटे पाडण्यात यश मिळवले. इतर संशोधक जीवाणूंना जिलेटिनसारखे सेंद्रिय अन्न देत असत. त्या अन्नावर नको ते जीवाणू फोफावत आणि हवे ते मागे पडत. विनोग्राड्स्की यांनी सेंद्रिय अन्न पूर्णपणे वगळून केवळ खनिज क्षारांचे माध्यम वापरले. त्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. अमोनियापासून नायट्राइट करणारे जीवाणू वेगळे व नायट्राइटपासून नायट्रेट करणारे वेगळे, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची : हे जीव सूर्यप्रकाशाविना, केवळ अकार्बनी पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर आपला देह घडवतात. अशा जीवांस पुढे ग्रीक शब्दांवरून ‘लिथोट्रॉफ’ हे नाव मिळाले. मराठीत त्यांना ‘शिलापोषी’ म्हणता येईल.

विनोग्राड्स्की यांना सापडलेल्या जीवाणूंना प्राणवायू लागत असे, हे निरीक्षण निःसंशय खरे होते. परंतु ‘सापडलेल्या जीवाणूंना प्राणवायू लागतो’ या वाक्याचे ‘या क्रियेस प्राणवायू लागतो’ असे रूपांतर कधी झाले, ते कोणाच्या लक्षात आले नाही. पहिले वाक्य काही जीवांविषयी आहे; दुसरे निसर्गाविषयी आहे. या रूपांतरास पुढे रसायनशास्त्राचाही आधार मिळाला. अमोनियाचा रेणू सहजासहजी क्रिया करीत नाही, आणि ज्ञात नायट्रीकारक जीवाणूंतील पहिले एंझाइम त्याच्यावर क्रिया करताना प्राणवायूचा प्रत्यक्ष घटकद्रव्य म्हणून उपयोग करते. त्यामुळे प्राणवायू नसेल तर अमोनिया जसाच्या तसा राहील, हा निष्कर्ष सयुक्तिक वाटू लागला. चूक तर्कात नव्हती. अमोनियाला हात घालण्याचा तोच एक मार्ग आहे, या न उच्चारलेल्या आधारवाक्यात होती.

३. शब्दांचा वाटा

या गृहीताच्या बळकटीत परिभाषेचा काही वाटा आहे काय, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकास स्वाभाविक आहे. ‘ऑक्सिजन’ हा शब्द लाव्हाझिए व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १७८७ च्या रासायनिक परिभाषेने रूढ केला. त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘आम्लजनक’ असा आहे, कारण प्रत्येक आम्लात हे मूलद्रव्य असतेच अशी लाव्हाझिए यांची समजूत होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही हे स्पष्ट झाले. समजूत गेली, शब्द राहिला. ‘ऑक्सिडीकरण’ या शब्दाचेही तसेच झाले. आज त्याचा अर्थ इलेक्ट्रॉन गमावणे एवढाच आहे. ते इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ ऑक्सिजनच असला पाहिजे असे नाही. परंतु शब्दाच्या पोटात ऑक्सिजन आहे, आणि वाचणाऱ्याच्या मनात तो डोकावल्यावाचून राहत नाही.

आपल्या ‘प्राणवायू’ या शब्दाची कथा याहून निराळी आहे. प्राण, अपान, व्यान, उदान व समान या पंचप्राणांच्या प्राचीन कल्पनेतील शब्द आपण नव्या पदार्थास लावला. त्यायोगे जेथे हा वायू नाही तेथे प्राण नाही, असा अर्थ त्यास आपोआप चिकटला. याच्या उलट टोकाचा शब्द म्हणजे लाव्हाझिए यांनी नायट्रोजनला दिलेले, फ्रेंचमध्ये अद्याप चालू असलेले ‘आझोत’ हे नाव. त्याचा अर्थ ‘जीवनरहित’. प्राणवायूवाचून जगणारा आणि जगण्याच्या ओघात ‘आझोत’ निर्माण करणारा जीव या दोन्ही शब्दांस एकाच वेळी खोटे पाडतो.

तथापि शब्दांना वाजवीपेक्षा अधिक दोष देऊ नये. प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव असतात, हे पाश्चर यांनी १८६१ मध्येच दाखवले होते. आणि कोणताही रसायनशास्त्रज्ञ ऑक्सिडीकरणाचा व्यापक अर्थ जाणत होता. शब्दांनी संशोधकांना फसवले, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. शब्दांनी एक प्रश्न विचारण्याची निकड कमी केली, एवढेच म्हणता येते.

४. समुद्रातील तूट

हा प्रश्न प्रथम ठळकपणे उभा राहिला तो समुद्रशास्त्रात. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या देहात कार्बनच्या १०६ अणूंमागे नायट्रोजनचे सुमारे १६ अणू असतात, हे प्रमाण रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाते. प्राणवायू संपलेल्या पाण्यात हे देह कुजले, तर किती अमोनिया साठावयास हवा, याचा हिशेब या प्रमाणावरून मांडता येतो. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ एफ. ए. रिचर्ड्स यांनी १९६५ मध्ये प्राणवायूरहित खाड्या व बंदिस्त सागरी खोरी यांविषयी लिहिताना असे नमूद केले की, अपेक्षित अमोनिया तेथे आढळत नाही. तो नायट्रेटशी संयोग पावून नायट्रोजन वायूच्या रूपाने निघून जात असावा, अशी सूचनाही त्यांनी केली.

ही सूचना बरोबर होती. परंतु असे करणारा जीव कोणी पाहिला नव्हता आणि जीवाणुशास्त्राचा नियम विरुद्ध होता. त्यामुळे ती तुटीचा उलगडा करण्यासाठी मांडलेली एक शक्यता म्हणूनच पडून राहिली. जमाखर्चात येणारी तूट ही निरीक्षणाची उणीव मानावयाची की सिद्धान्ताची, हे ठरवण्याचे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते.

५. कागदावरील जीव

पुढील पाऊल समुद्राशी संबंध नसलेल्या एका विद्वानाने टाकले. एंगेलबर्ट ब्रोडा (१९१०–१९८३) हे व्हिएन्ना विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ होते. भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन याचे चरित्रही त्यांनी लिहिले होते. १९७७ मध्ये जर्मनीतील एका सूक्ष्मजीवशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी तीन पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध केला. निसर्गात दोन प्रकारचे शिलापोषी जीव ‘गैरहजर’ आहेत, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. त्यांपैकी एक प्रकार अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून थेट नायट्रोजन वायू तयार करणारा, आणि त्यासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेटही वापरू शकणारा. ब्रोडा यांनी प्रयोग केला नव्हता. ऊर्जेचा हिशेब केला होता. या क्रियेत भरपूर ऊर्जा सुटते. जेथे इतकी ऊर्जा सुटते तेथे तिच्यावर जगणारा जीव उत्क्रांतीच्या ओघात निर्माण झालेला असणे संभवनीय आहे. तो आढळत नाही, याचा अर्थ तो नाही किंवा त्याचा शोध घेतला गेलेला नाही.

ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या वाचकांस येथे एका समांतर उदाहरणाची आठवण होईल. फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ च्या आपल्या निबंधात मूळ भारत-युरोपीय भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत असे केवळ रचनेतील रिकाम्या जागांवरून अनुमानिले. एकाही ज्ञात भाषेत ते ध्वनी तसे टिकलेले नव्हते. सोस्यूर १९१३ मध्ये वारले. पुढे हित्ती भाषेचे वाचन झाल्यावर १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी त्या अनुमानित ध्वनींचे अवशेष तीमधील एका व्यंजनात दाखवून दिले. ब्रोडा यांचे भाग्यही असेच. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा जीव कागदावरच होता.

मात्र या दोन कथांत एक भेद आहे. सोस्यूर यांचे अनुमान थोडेफार चर्चिले तरी गेले होते. ब्रोडा यांचा लेख वाचून कोणी तो जीव शोधावयास निघाले, असे घडले नाही.

६. डेल्फ्ट येथील हिशेब

हा जीव ज्या ठिकाणी प्रत्यक्ष हाती लागला, ते ठिकाण विद्यापीठ नव्हते. डेल्फ्ट येथे गिस्ट-ब्रोकेड्स ही यीस्ट तयार करणारी कंपनी होती. तिच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रायोगिक संयंत्रात विनायट्रीकरणाची एक टाकी होती. अशा टाकीत जीवाणूंचा थर चढलेले वाळूचे कण खालून वर वाहणाऱ्या पाण्याच्या योगे तरंगते ठेवलेले असतात. नायट्रेट नाहीसे करणे हे या टाकीचे काम. अमोनियाशी तिचा संबंध अपेक्षित नव्हता. परंतु आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याची नोंद ठेवताना आर्नोल्ड मुल्डर यांच्या ध्यानात आले की नायट्रेटबरोबर अमोनियाही कमी होत आहे, आणि त्या प्रमाणात नायट्रोजन वायू वाढत आहे. दर घनमीटरमागे दररोज ०.४ किलोग्रॅमपर्यंत नायट्रोजन अमोनियाच्या रूपातून नाहीसा होत होता. ही चूक म्हणून सोडून देण्याजोगी राशी नव्हती.

मुल्डर यांनी डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील व्हान दे ग्राफ, रॉबर्टसन व क्यूनेन यांच्यासह हा वृत्तान्त १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अमोनियाचे पाच व नायट्रेटचे तीन रेणू मिळून नायट्रोजन वायूचे चार रेणू होतात, असे समीकरण मांडले होते. त्याच वर्षी व्हान दे ग्राफ व सहकाऱ्यांनी ही क्रिया सजीवांचीच आहे हे सिद्ध केले. गॅमा किरणांचा मारा केल्यास किंवा १२१ अंश सेल्सियस तापमानास निर्जंतुक केल्यास ती थांबत असे. एकशे अठरा वर्षांपूर्वी श्लोझिंग व म्यूंत्झ यांनी क्लोरोफॉर्मने केलेल्या परीक्षेचेच हे नवे रूप होय.

निर्णायक पुरावा समस्थानिकांनी दिला. साध्या नायट्रोजनचा अणुभार १४, जड समस्थानिकाचा १५. अमोनियात जड नायट्रोजन व नायट्रेटमध्ये साधा नायट्रोजन घालून प्रयोग केला असता मुख्यतः २९ भाराचा नायट्रोजन वायू मिळाला. २८ म्हणजे दोन्ही अणू नायट्रेटचे, ३० म्हणजे दोन्ही अमोनियाचे. २९ म्हणजे एक याचा व एक त्याचा. दोन वेगळ्या घरांतील अणूंची गाठ घालून देणारी क्रिया ज्ञात विनायट्रीकरणाहून भिन्न होती, यात शंका उरली नाही. पुढील संशोधनात अमोनियाचा प्रत्यक्ष जोडीदार नायट्रेट नसून नायट्राइट आहे असे आढळले, आणि मूळ समीकरण दुरुस्त झाले. या क्रियेस ‘अनॅमॉक्स’ हे संक्षिप्त नाव मिळाले.

७. जीवाची ओळख

क्रिया सिद्ध झाली, तरी कर्ता अज्ञात होता. विनोग्राड्स्की यांच्या पद्धतीने तो वेगळा करता येईना. त्याची कारणे १९९८ व १९९९ मध्ये मार्क स्ट्राउस व सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाली. हा जीवाणू त्यांच्या संवर्धनात सुमारे ११ दिवसांतून एकदा दुप्पट होत असे. आतड्यांतील परिचित जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय दर मिलिलिटरमध्ये १० ते १०० अब्ज इतक्या दाटीत असल्याशिवाय तो क्रियाच करीत नसे. एकेक पेशी वेगळी करून वाढवण्याची रूढ रीत येथे निरुपयोगी होती. स्ट्राउस यांनी जीवाणू वाहून जाणार नाहीत अशा टाकीत त्यांना दीर्घकाळ सांभाळले, आणि घनतेनुसार पेशी वेगळ्या करण्याच्या यंत्राने दोनशे ते आठशे पेशींत एकच परकी पेशी राहील इतके शुद्धीकरण साधले. हा जीव प्लँक्टोमायसीट या गटातील निघाला. १९९९ च्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘गैरहजर शिलापोषी सापडला’ अशा आशयाचे शब्द आहेत. ब्रोडा यांच्या शीर्षकास बावीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

त्याचे नाव ‘कँडिडाटस ब्रोकेडिया अनॅमॉक्सिडन्स’ असे ठेवण्यात आले. ‘ब्रोकेडिया’ हा कारखान्याच्या नावाचा निर्देश. ‘कँडिडाटस’ म्हणजे उमेदवार. रोममध्ये पदाचे उमेदवार शुभ्र केलेला झगा घालून फिरत, त्यावरून हा शब्द आला. शुद्ध संवर्धनात न मिळालेल्या जीवाणूस पूर्ण नाव देता येत नाही, म्हणून नावामागे ही उमेदवारी लावण्याचा संकेत आहे. ब्रोडा यांचे नाव पुढे २००३ मध्ये ‘स्कॅलिंडुआ ब्रोडे’ या दुसऱ्या जातीस देण्यात आले.

या जीवाची अंतर्रचना रासायनिक दृष्ट्या विस्मयकारक आहे. तो नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड करतो. त्याचा अमोनियाशी संयोग घडवून हायड्रॅझिन तयार करतो. आणि हायड्रॅझिनपासून इलेक्ट्रॉन काढून घेऊन नायट्रोजन वायू सोडून देतो. हे इलेक्ट्रॉन पहिल्या दोन पायऱ्यांस परत पुरवले जातात, व या फेऱ्यातून पेशीस ऊर्जा मिळते. २००६ मध्ये ‘कुनेनिया’ या जातीच्या जनुकसंचावरून हा मार्ग सुचवला गेला आणि २०११ मध्ये कार्टाल व सहकाऱ्यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला. अमोनियाला हात घालण्याचा दुसरा मार्ग तो हाच. हायड्रॅझिन हे अग्निबाणाच्या इंधनात वापरले जाणारे विषारी द्रव्य आहे. ते पेशीच्या आत एका स्वतंत्र कप्प्यात कोंडलेले असते. त्या कप्प्याच्या पटलात चौकोनी कार्बन-वलये शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकास एक जोडलेले मेदरेणू आहेत, असे २००२ मध्ये हॉलंडच्या सागरसंशोधन संस्थेतील संशोधकांनी दाखवले. असे रेणू त्यापूर्वी निसर्गात ज्ञात नव्हते.

८. व्याप्ती

रिचर्ड्स यांची सागरी तूट आता पुन्हा चर्चेत आली. २००३ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख प्रसिद्ध झाले. एकाने काळ्या समुद्रात या जीवाणूंचे अस्तित्व दाखवले. दुसऱ्याने कोस्टारिकाच्या गोल्फो दुल्से या आखातात निर्माण होणाऱ्या नायट्रोजन वायूपैकी १९ ते ३५ टक्के या क्रियेचा असल्याचे मोजले. समुद्रातून नायट्रोजन निसटण्याचा एकच मार्ग आहे ही समजूत येथे संपली.

यापुढे उत्साहाच्या भरात उलट दिशेची चूक होण्याचा संभव होता. अरबी समुद्राचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील या समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायूची तीव्र उणीव असलेला जगातील एक मोठा पट्टा आहे. २००९ मध्ये बेस वॉर्ड व सहकाऱ्यांनी, ज्यांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकही होते, असे प्रतिपादन केले की येथील नायट्रोजन वायूच्या निर्मितीत ८७ ते ९९ टक्के वाटा जुन्या, परिचित विनायट्रीकरणाचाच आहे. उलट २०११ मध्ये ओमानच्या किनाऱ्यालगत केलेल्या मोजणीत अनॅमॉक्सचे प्राबल्य आढळले. एकाच समुद्राच्या दोन भागांत दोन उत्तरे मिळाली. एका गृहीताच्या जागी दुसरे बसवणे हा प्रगतीचा मार्ग नव्हे, हे या मतभेदावरून दिसते.

व्यवहारातही या शोधाचा उपयोग झाला. सांडपाण्यातील अमोनिया काढण्याच्या जुन्या रीतीत हवा फुंकण्यासाठी मोठी वीज खर्च होते. नव्या रीतीत अमोनियाच्या सुमारे निम्म्या भागाचेच नायट्राइट करावे लागते. उरलेले काम अनॅमॉक्स जीवाणू हवेवाचून करतात, आणि सेंद्रिय द्रव्यही घालावे लागत नाही. पूर्ण आकाराची पहिली टाकी, ७० घनमीटरची, २००२ मध्ये रॉटरडॅम येथे सुरू झाली. ती पूर्ण क्षमतेने चालण्यास साडेतीन वर्षे लागली. पुढील टाक्यांना तिच्यातील गाळाचे विरजण मिळाले, त्यामुळे त्या पुष्कळच लवकर चालू झाल्या.

९. समारोप

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. या शोधाची कथा सांगताना कोणी कारखान्यातील योगायोगावर भर देतात, तर कोणी ब्रोडा यांच्या भाकितावर. वर दिलेल्या घटनाक्रमावरून दोन्ही मते अपुरी ठरतात. अमोनियाची तूट १९६५ मध्येच दिसली होती. क्रियेचे समीकरण १९७७ मध्ये मांडले गेले होते. जीवाणू तर कोट्यवधी वर्षे कार्यरत होते. समुद्रशास्त्रज्ञाकडे तूट होती पण जीव नव्हता. ऊर्जाशास्त्रज्ञाकडे जीवाची कल्पना होती पण तूट नव्हती. आणि जीवाणुशास्त्रज्ञाकडे दोहोंस अप्रस्तुत ठरवणारा नियम होता. तिघेही निरनिराळ्या नियतकालिकांत लिहीत होते.

जीवाच्या संथ वाढीमुळे विलंब झाला, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हे. अकरा दिवसांची वाट पाहणारा प्रयोग तोच करतो, ज्याला अकराव्या दिवशी काही घडेल अशी आशा असते. श्लोझिंग व म्यूंत्झ यांनी वीस दिवस वाट पाहिली, कारण काय घडू शकत नाही याची यादी त्या वेळी कोणी केलेली नव्हती. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकांपाशी उपकरणे अधिक होती आणि अशी यादीही होती.

डेल्फ्ट येथे निराळे घडले ते इतकेच, की आत किती गेले आणि बाहेर किती आले याची नोंद पूर्ण ठेवली गेली, आणि हिशेब जुळेना तेव्हा हिशेबनीसास दोष न देता नियमास प्रश्न विचारला गेला. हा विवेक प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. भाषेचे असो वा समाजाचे, कोणतेही शास्त्र आपल्या परिभाषेत काही निरीक्षणे नियम म्हणून गोठवीत असते. त्यांवाचून शास्त्राचे चालत नाही. परंतु ती मुळात निरीक्षणे होती, याची आठवण ठेवणे हे त्या शास्त्राच्या इतिहासाचे काम आहे.